मनगटावरचा बँड आणि बाबांचं पाकीट

‘ताई, मी २७ वर्षांची आहे. नोकरी हिंजवडीत, घर चिंचवडला, आई-बाबांबरोबर. बाबा ५९ वर्षांचे, कीबोर्ड वाजवतात. मी शाळेत असताना त्यांना महिन्याला वीस-बावीस प्रोग्राम असायचे. गणपती-नवरात्रात तर घरी फक्त आंघोळीपुरते यायचे. आता महिन्यात दोन लागले तरी आई देवापुढे साखर ठेवते. एका प्रोग्रामचे अडीच हजार, तेही कधी कधी पंधरा दिवसांनी. मला टेक्नो आणि हाउस हे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत मनापासून आवडतं. मागच्या महिन्यात साडेसात हजारांचा पास काढून दोन दिवसांच्या फेस्टिव्हलला गेले. घरी ऑफिसची ट्रिप सांगितली. परत आले तेव्हा मनगटावरचा कापडी बँड कापायचा राहिला होता. बाबांनी तो पाहिला, किंमत विचारली. मी खरी सांगितली. ते एवढंच म्हणाले, “माझ्या तीन नाइट.” तेव्हापासून माझ्या खोलीतून बीट ऐकू आला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. बटणं दाबणाऱ्यांनी वाजवणाऱ्यांचं काम खाल्लं, असं त्यांचं म्हणणं. मला जे आवडतं त्यानंच बाबांच्या पोटावर पाय दिलाय का? मी हे सगळं सोडावं का? आणि अजून एक. मी लॅपटॉपवर स्वतः थोडंफार बनवते. बाबांना ते कधी ऐकवलेलं नाही.’
– ‘तीन नाइट’, चिंचवड

प्रिय ‘तीन नाइट’,

बाबांचा भागाकार चोख आहे, पण तो टोमणा म्हणून घेऊ नकोस. मी पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात निवेदन केलंय, म्हणून सांगते. वाजवणाऱ्या माणसाला सगळं जग नाइटमध्ये, म्हणजे एका प्रोग्रामच्या पैशात, मोजायची सवय लागते. रात्री परतताना आमच्या गाडीत हेच चालायचं. फ्रीज म्हणजे अकरा नाइट, थोरलीची फी म्हणजे सात, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे अख्खा गणपती. साडेसात हजार ऐकल्यावर त्यांच्या तोंडून आपोआप ‘तीन नाइट’ निघालं असणार. मला विचारशील तर त्यांना लागलं ते दुसरंच. गाण्यावर घर चालवलेल्या माणसाच्या मुलीला गाणं ऐकायला जाताना ऑफिसची ट्रिप सांगावी लागली, ते. म्हणून पहिलं काम हे कर: खोटं बोलल्याची माफी माग, आणि तेवढ्याचीच माग. पास काढल्याची मागू नकोस. पैसे तुझ्या कष्टाचे आहेत, आणि तिथे जे चालतं तेही संगीतच आहे. दोन्हीची एकत्र माफी मागितलीस तर उद्या पुन्हा एखादी ऑफिसची ट्रिप निघेल.

आता काम कुणी खाल्लं, त्याकडे येऊ.

आपल्याकडे ‘डीजे’ या शब्दातच घोटाळा आहे. तुझ्या लेखी डीजे म्हणजे माणूस. बाबांच्या लेखी डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. मांडव लावतात तसा मंडळं ‘डीजे लावतात’. त्या भिंतीनं बेंजो पार्टीचं आणि बँडवाल्यांचं काम नक्कीच घेतलं, मिरवणुकीतलं आणि वरातीतलं. पण बाबा स्टेजवरचे. त्यांच्या पोटावर पहिला पाय दिला तो मायनस ट्रॅकनं, म्हणजे गायकाचा आवाज वगळून आधीच भरून ठेवलेल्या साथीनं. ज्या गायकाला पूर्वी कीबोर्ड, बेस, ऑक्टापॅड, ढोलक, साइड रिदम असे सहा-सात जण लागायचे, तो एक दिवस मोबाइलमध्ये ट्रॅक घेऊन आला. आयोजकाला सात पाकिटांऐवजी एक पाकीट द्यावं लागलं. पुढे कराओके क्लब निघाले आणि प्रेक्षकच गायला लागले, वर त्याचे पैसे भरून. मी कराओकेवर रागावलेली नाही. आमच्या सोसायटीतल्या आजी त्यावर ‘लग जा गले’ म्हणतात आणि डोळे मिटून म्हणतात. पण सातातल्या सहा जणांची कामं तिथे गेली, हे खरं.

दुसरं कारण रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरबंदीवर शिक्कामोर्तब केलं. वर्षातले मोजके दिवस सोडले तर उघड्यावरचं सगळं दहाला बंद. आजारी माणसांना आणि परीक्षेच्या पोरांना याचा फायदाच झाला, ते नाकारत नाही. पण आमचा प्रोग्रामच साडेनऊला सुरू व्हायचा! जेवणं आटोपून लोक यायचे, बारा-एकला ‘वन्स मोअर’ असायचा. दहाला संपवायचं तर सातला सुरू करा. सातला कोण येतंय?

आणि तुझं इलेक्ट्रॉनिक? सनबर्न हा त्याचा मोठा फेस्टिव्हल २००७ मध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला, पुण्याजवळ केसनंदला आला तो २०१६ मध्ये. आमच्या मंडळींच्या डायऱ्या त्याच्या कितीतरी आधीपासून रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. त्या मैदानावर नाचणाऱ्या पोरांपैकी कुणी एरवी बाबांचा ‘गोल्डन हिट्स’ ऐकायला येणार होतं, असं बाबांनाही वाटत नसेल. चोर शोधायचा तर तुझ्या खोलीत सापडायचा नाही.

पण म्हणून त्यांचा राग खोटा ठरत नाही. त्याला एक जुनं टोक आहे, आणि ते मला माझ्याच आठवणीतून सांगावं लागेल. आमच्या ऑर्केस्ट्रात एक अ‍ॅकॉर्डियनवाले काका होते. दोन व्हायोलिनवालेही होते. ऐंशीचं दशक सरता सरता मालकांनी एक कीबोर्ड घेतला आणि तो वाजवायला विशीतला एक चुणचुणीत मुलगा ठेवला. त्याच्या डाव्या हाताखाली व्हायोलिनचा ताफा, उजव्या हाताखाली अ‍ॅकॉर्डियन. काकांना ‘पुढच्या प्रोग्रामचं कळवतो’ म्हणून सांगितलं, आणि कधी कळवलं नाही. पुढे एका प्रोग्रामला ते तिकीट काढून दुसऱ्या रांगेत बसलेले मला स्टेजवरून दिसले. त्यांच्या गाण्याला, म्हणजे ज्यात अ‍ॅकॉर्डियनचा मोठा तुकडा होता त्या गाण्याला, त्यांची बोटं मांडीवर चालत होती. मी माइकवरून त्यांचं नाव घेऊ शकले असते. घेतलं नाही. त्यांचं काम गेलं त्या महिन्यापासून माझं पाकीट शंभर रुपयांनी वाढलं होतं.

तुझे बाबा त्याच पिढीतले कीबोर्डवाले. हे त्यांच्या तोंडावर फेकायला सांगत नाही. त्यांना ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कदाचित म्हणूनच टीव्हीचा आवाज इतका वाढतो.

हे सगळीकडेच झालंय. लंडनमध्ये १९८२ साली तिथल्या म्युझिशियन्स युनियनच्या एका शाखेनं सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घाला असा ठरावच केला होता. एका बड्या गायकानं दौऱ्यात वादकांच्या ताफ्याऐवजी सिंथेसायझर आणले, त्यावरून ते पेटलं. बंदी काही आली नाही. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंगवरच बहिष्कार टाकला होता, कारण तबकड्या आल्या आणि हॉटेल-रेडिओवरची कामं गेली. तो बहिष्कार दोन वर्षांहून जास्त चालला. त्यातून तबकड्या थांबल्या नाहीत, पण विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे काही रक्कम कंपन्यांनी एका निधीत टाकायची आणि त्यातून वादकांना जिवंत कार्यक्रमांचे पैसे द्यायचे, एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं. मला हे भांडण फार शहाणपणाचं वाटतं. तबकडी फोडायच्या नादी न लागता तिच्यातला वाटा मागितला. आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाल्यांनी असं काही मागितलेलं मला आठवत नाही. आम्ही मालकाच्या मागे ‘साहेब, मागच्या पाकिटाचं बघा ना’ करत फिरण्यातच वर्षं घालवली.

आता तुला एका माणसाची ओळख करून देते. बाबांना कदाचित नाव माहीत असेल: चरणजित सिंग. मुंबईतले वादक. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बेस गिटार आणि कीबोर्ड वाजवायचे, स्वतःची पार्टी घेऊन लग्नांतही वाजवायचे. म्हणजे थेट बाबांचाच धंदा. नवं वाद्य बाजारात आलं की त्यांना ते हवंच असायचं. सिंगापूरहून त्यांनी रोलंड कंपनीचं टीबी-३०३ नावाचं एक चंदेरी डबडं आणलं. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेसवाला परवडत नसेल तर त्याच्यासाठी केलेलं ते यंत्र. बेससारखं ते वाजायचंच नाही, म्हणून दोन-तीन वर्षांत कंपनीनं ते बंद केलं. चरणजित सिंगांनी त्याला टीआर-८०८ ही रिदम मशीन आणि एक मोठा सिंथेसायझर जोडला, आणि १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एक तबकडी काढली. भैरव, ललत, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, कलावती, मालकंस… एचएमव्हीनं ती प्रसिद्ध केली. कुणी फारशी घेतली नाही. ते पुन्हा लग्नं वाजवायला लागले.

पुढे काही वर्षांत शिकागोतल्या काही कृष्णवर्णीय पोरांच्या हातात तेच डबडं पडलं. कुणाला नको होतं म्हणून जुन्या बाजारात स्वस्त मिळायचं. त्यांनी त्याची बटणं पिरगाळून जो आवाज काढला तो १९८७ मध्ये तबकडीवर आला आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस जन्मलं. तू ज्यावर नाचतेस त्यातलं बरंच तिथून आलंय. चरणजित सिंगांना याचा पत्ता नव्हता आणि त्या पोरांना चरणजित सिंगांचा. एका डच संग्राहकाला ती तबकडी दिल्लीतल्या दुकानात सापडली, त्यानं २०१० मध्ये ती पुन्हा बाजारात आणली, आणि जगभरचे टेक्नोवाले थक्क झाले. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातल्या पोरांसमोर जाऊन वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत वारले.

ही तबकडी बाबांना ऐकव. ‘बघा, तुमच्यातल्याच एकानं केलं’ वगैरे भाषण न करता. स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी, मोबाइलवर नको, बऱ्या स्पीकरवर. भैरवापासून सुरू होते. बाबा बहुधा पहिल्या दोन मिनिटांत चूक काढतील. काढू दे. मग त्यांना विचार, त्या यंत्राचा एक सूर दुसऱ्यावर घसरत जातो त्याला काय म्हणायचं? मींड म्हणतील की नाही बघ. त्या मशीनमध्ये सोळा घरं असतात, एकेका घरात एकेक सूर भरायचा. सोळा म्हटल्यावर तीनताल डोक्यात असलेला माणूस हातानं टाळी-खाली मोजायला लागतोच. तू ज्याची वाट बघत मैदानात हात वर करून उभी असतेस तो ड्रॉप, म्हणजे ताण वाढवत नेऊन एकदम कोसळणारा ठेका, काय असतो, हेही एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणारी तिहाई ऐकलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

‘बटणं दाबतात’ या आरोपाचं उत्तर मात्र अर्धंच तुझ्या बाजूनं देईन. चांगला डीजे समोरची गर्दी वाचतो. पहिल्या तासात काय लावायचं नाही हे त्याला कळतं, बसलेल्याला उठवायचं कसं आणि दमलेल्याला दहा मिनिटं सावली कशी द्यायची हे त्याला जमतं. आमचे कीबोर्डवाले हेच करायचे; प्रेक्षक ढिले पडले की मला डोळ्यांनी खूण करायचे आणि मी यादीतलं पुढचं दुःखी गाणं गिळून टाकायचे. पण मोठ्या स्टेजवर आतषबाजीशी सेकंदा-सेकंदानं जुळवलेला सेट लावून वर नुसते हात हलवणारेही आहेत, हे तुलाही माहीत आहे. त्यांच्याबद्दल बाबा जे म्हणतात ते ऐकून घे.

तू विचारलंस, सोडू का. नको. पण ऐकणाऱ्यानं कुणाचं ऐकतोय हे जाणून घ्यावं, आणि तिथे तुमची जमात थोडी कच्ची आहे. ‘अमेन ब्रेक’ तू हजार वेळा ऐकला असशील. १९६९ मध्ये विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन बँडनं एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेल्या गाण्यातला, ग्रेगरी कोलमन या ड्रमरनं वाजवलेला सहा-सात सेकंदांचा तुकडा. त्याच्यावर इंग्लंडात जंगल आणि ड्रम अँड बेस हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. कोलमनला त्यातून काही मिळालं नाही. तो २००६ मध्ये अटलांटात कंगाल अवस्थेत वारला. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांनाही दशकानुदशकं छदाम मिळाला नव्हता. २०१५ मध्ये इंग्लंडातल्या दोघा चाहत्या डीजेंनी वर्गणी काढली आणि स्पेन्सरना २४ हजार पौंड दिले. कायद्यानं त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं. नाचणाऱ्यांनीच दिले.

हा रोग आपल्याकडेही आहेच. हिंदी सिनेमातल्या वाद्यवृंदांची बांधणी करणारे कितीतरी जण गोव्याचे. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला आलेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा… त्या पिढीतल्या बहुतेकांची नावं तबकड्यांच्या वेष्टणांवर आली नाहीत. आणि त्याच गोव्याचं नाव नव्वदीत जगभर गेलं ते हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या ट्रान्स नावाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतामुळे. एका गावचे वादक आणि एका गावचे नाचणारे, पण एकमेकांची ओळख नाही.

पैशाचंही बघ. तुझ्या साडेसात हजारांतला मोठा घास परदेशातून आलेल्या नावाचा. मग स्टेज, पडदे, साउंड, जनरेटर, बंदोबस्त, परवाने, कर. दुपारी चारला रिकाम्या मैदानासमोर वाजवणाऱ्या पुण्याच्या पोराला बऱ्याचदा ‘एक्स्पोजर’ मिळतं. आमच्या वेळी त्याला ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायचे. त्या पोराचं ऐकायला चारला जात जा. नुसतं एवढं केलंस तरी आयोजकाला गर्दी दिसते, आणि आयोजकाला गर्दीशिवाय काही दिसत नाही. छोट्या जागेत दोनशे-तीनशेचं तिकीट असेल तर ते काढ. ओळखीनं ‘लिस्टवर नाव टाक ना’ म्हणू नकोस. नाटकाच्या पासापासून आपल्या लोकांना लागलेली ही खोड आहे आणि ती मला मरेस्तोवर चीड आणणार.

अ‍ॅपवर महिन्याचे पैसे भरून ऐकतेस ना? ते तू ऐकलेल्यांनाच जातात असं समजू नकोस. बहुतेक ठिकाणी सगळ्यांचे पैसे एका हंड्यात पडतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात. तू महिनाभर नाशिकच्या एकाच पोराला ऐकलंस तरी तुझ्या पैशातला बहुतांश भाग बड्या नावांकडे जातो. स्पॉटिफायवर २०२४ पासून तर वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतला एक रुपयाही मिळत नाही. म्हणून जे खरंच आवडलं ते विकत घे. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ती कंपनी ठेवते, बाकीचे, पैसे वळते करण्याचा खर्च वजा जाता, बनवणाऱ्याला जातात. महिन्याला दोन ट्रॅक घेतलेस तरी तुझ्या वर्षाच्या ऐकण्यापेक्षा त्या पोराला जास्त पडतील.

डीजेनंही द्यायला हवेत, असं एकाला वाटलं होतं. मिनियापोलिसचा डीव्हीएसवन नावाचा डीजे. आपण ज्यांचे ट्रॅक वाजवून मानधन घेतो त्यांना त्यातले ५ टक्के द्यावेत, म्हणून त्यानं २०२२ मध्ये अस्लाइस नावाची व्यवस्था काढली. कुणी काय वाजवलं याची यादी द्यायची, पैसे आपोआप वाटले जायचे. पुरेसे डीजे, त्यातही मोठे, त्यात आलेच नाहीत. २०२४ मध्ये बंद पडली. तुझ्या आवडत्या मोठ्या नावांपैकी त्यात कोण होतं, कोण नव्हतं, हे शोधलंस तर तुझी आवड थोडी इकडेतिकडे होईल कदाचित.

आता बाबांचे कागद. हे कंटाळवाणं आहे, पण कर. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून ध्वनिमुद्रणात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या रॉयल्टीलाही कायद्यात जागा आहे. गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस; गायकांची म्हणून निघालेली इस्रा आता वादकांनाही घेते, नावही इसामरा झालंय. बाबांना विचार, कुठल्या कॅसेटमध्ये, सिनेमात, भक्तिगीतांच्या अल्बममध्ये वाजवलंय? चाल स्वतःची असेल ती वेगळी लिहा, नुसतं वाजवलं असेल ते वेगळं. नव्वदीत पुण्या-मुंबईत कॅसेटचा पूर आला होता, त्यात त्यांचे टेक असणारच. लगेच पैसे येतील अशी आशा लावू नकोस. जुन्या कॅसेटवर वादकांची नावंच नसतात आणि दुसऱ्यांची गाणी स्टेजवर वाजवल्याचे यातून काही मिळत नाही. पण यादी करायला बसलात तर संध्याकाळी दोन-तीन तास तुम्ही दोघं एका टेबलावर असाल. माझा स्वार्थ त्यात आहे.

अजून एक, विषय सोडून. स्पीकरसमोर उभी राहतेस तर कानात प्लग घाल. पंधरा वर्षं स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरशेजारी उभं राहून माझा डावा कान गेलाय. बाबांचाही एखादा गेला असेल. टीव्हीचा आवाज वाढतो तो सगळाच रागापोटी वाढत नसेल, तेही एकदा तपासून घ्या.

राहिली तुझी शेवटची ओळ, ‘थोडंफार बनवते’. पत्र तिच्यासाठीच लिहिलंस असा मला संशय आहे.

बाबांना ‘कसं झालंय सांगा ना’ म्हणून ऐकवू नकोस. ते बाप म्हणून ‘छान आहे’ म्हणतील किंवा वादक म्हणून तुकडे करतील, आणि दोन्ही तुला झेपणार नाही. त्यांना डीजे शिकवायला जाऊ नकोस, इन्स्टावर त्यांचे व्हिडिओ टाकायचा उत्साहही नको. त्यापेक्षा त्यांना काम दे. तुझ्या एखाद्या ट्रॅकमध्ये चार मिनिटांची जागा मोकळी ठेव, कलावती किंवा मधुवंती, जो त्यांच्या हातात बसलाय तो, आणि त्यांना सेशनला बोलाव. रीतसर. नारळ आणि सुपारी दे, सांग की अमुक रविवार, सकाळी दहा, जागा आपलंच घर, पट्टी काळी दोन, तालाचा वेग एकशे वीस. दर त्यांना विचार आणि घासाघीस करू नकोस.

पैसे पाकिटात दे. मोबाइलवरून पाठवू नकोस. अडीच हजार म्हणाले तर अडीच हजार, त्याच दिवशी, वाजवून झाल्या झाल्या. पंधरा दिवसांनी नाही. ‘मुलीकडून कसले पैसे’ म्हणून ते परत देतील. घेऊ नकोस. आणि ट्रॅक कुठेही टाकशील तिथे नाव लिही: कीबोर्ड, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट.

पहिल्या टेकला ते क्लिकच्या, म्हणजे कानात वाजणाऱ्या मशीनच्या ठोक्याच्या, थोडे पुढे पळतील. त्यांची सवय माणसांबरोबर वाजवायची आहे, मशीन थांबत नाही हे हाताला कळायला वेळ लागतो. मध्येच पट्टी बदलायचं ट्रान्सपोझचं बटण शोधत बसतील. तेव्हा काही बोलू नकोस. दुसरा टेक घे.

तुझी,
ताई